बोटीवरची पिवळी पडलेली 'काच' पुन्हा लख्ख कशी करायची?

रात्रभर जाळी मारून बोट सकाळी परतीला लागते तेव्हा कोकण किनाऱ्यावर एक अडचण ठरलेली असते. किनारा पूर्वेला, सूर्यही पूर्वेला, आणि तोही नुकता वर आलेला. केबिनची काच स्वच्छ असेल तर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, डोळ्यांवर हात धरून वेळ मारून नेतो. काच पिवळी आणि धुरकट झालेली असेल तर समोर नुसता झगझगीत पडदा दिसतो. मग एका खलाशाला नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभं राहून हाताने खुणा कराव्या लागतात: डावीकडे होडी, उजवीकडे दोर.

माझ्या मामाच्या बोटीवर दोन-तीन वर्षं हेच चाललं होतं. गंमत म्हणजे केबिनच्या पुढच्या दोन काचांपैकी उजवी हळदीसारखी पिवळी झाली होती आणि डावी बऱ्यापैकी स्वच्छ होती. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच पत्र्यातून कापून आणलेल्या. मामाचं म्हणणं, "उजव्या बाजूला ऊन जास्त लागतं." हे मला पटत नव्हतं, कारण बोट रोज जाते पश्चिमेला आणि येते पूर्वेला, दोन्ही बाजूंना ऊन सारखंच. त्या कोड्याचं उत्तर शेवटी मिळालं, पण त्याआधी पिवळेपणाचं शास्त्र समजून घ्यावं लागलं.

आधी एक खुलासा. बोटीवर आपण जिला 'काच' म्हणतो ती बहुतेक वेळा काच नसतेच. ती पॉलिकार्बोनेटची असते किंवा ॲक्रिलिकची. बाजूला पावसाच्या झडीसाठी लावलेला मऊ पारदर्शक पडदा पीव्हीसीचा, म्हणजे व्हायनिलचा. दिव्यांची झाकणं आणखी वेगळी. पिवळी सगळीच दिसतात, पण प्रत्येकाचा आजार वेगळा आणि औषधही वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की वस्तू कायमची जाते.

त्याहीआधी एक साधी गोष्ट करायची: धुवायचं. भरपूर गोड्या पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने, आतून आणि बाहेरून. केबिनमध्ये स्टोव्ह पेटतो, इंजिनाचा धूर येतो, कुणी विडी ओढतो. काचेच्या आतल्या बाजूला त्याचा तेलकट पिवळा थर बसतो आणि आपण दोष उन्हाला देतो. कोरड्या फडक्याने मात्र कधीच पुसायचं नाही. वाळलेल्या मिठाचे कण फडक्याखाली घासले गेले की प्लास्टिकवर बारीक ओरखडे पडतात. 'रोज पुसतो तरी धूसर होते' अशी तक्रार ज्यांची असते, त्यांची काच पुसल्यामुळेच धूसर झालेली असते.

धुतल्यावर काच ओलीच असताना मागे पांढरा कागद धरून बघा. या एका परीक्षेत अर्धं निदान होतं. ओली असताना काच एकदम स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धूसर झाली, तर दुखणं फक्त पृष्ठभागावरच्या ओरखड्यांचं आहे. ओरखड्यांच्या खाचांवर प्रकाश आदळून चहूकडे फुटतो. पाणी त्या खाचा भरून काढतं, म्हणून तेवढ्यापुरतं सरळ दिसतं. अशी काच नुसत्या पॉलिशने सुधारते. पण ओली असतानाही कागद पिवळाच दिसला, तर रंग प्लास्टिकच्या आत उतरला आहे. तिथे वरवरचं पॉलिश उपयोगाचं नाही.

प्लास्टिक ओळखायचं कसं?

कडेच्या रबराखाली लपलेला भाग बघा. ॲक्रिलिक कडक आणि ठिसूळ असतं. त्याला भोक पाडताना जपावं लागतं, नाहीतर भोकापासून तडा जातो. पॉलिकार्बोनेट वाकतं, दबतं, पण सहजासहजी फुटत नाही. हातोडा मारला तरी बहुधा खळगाच पडेल. खात्री करायची असेल तर भोकातून निघालेला छोटा कीस चिमट्यात धरून, उघड्यावर, पेट्रोल-डिझेलपासून लांब पेटवून बघा. ॲक्रिलिक तडतडत जळत राहतं आणि फळासारखा गोडसर वास येतो. पॉलिकार्बोनेट काळा धूर सोडतं आणि ज्योत बाजूला घेतली की बहुधा विझतं. व्हायनिल ओळखायची युक्ती तर शाळेच्या प्रयोगशाळेतली आहे: तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवायची, प्लास्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली म्हणजे त्यात क्लोरीन आहे. त्या धुराजवळ तोंड मात्र न्यायचं नाही.

आता पिवळेपणाकडे येऊ. खिडकीत राहिलेलं वर्तमानपत्र चार दिवसांत पिवळं पडतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. कागदात लाकडातलं लिग्निन असतं आणि लिग्निनच्या रेणूत बेन्झीनची कडी असते. सूर्याच्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने या कड्यांच्या आसपासची जोडणी बदलते. नव्याने तयार होणारे रेणू निळा-जांभळा प्रकाश गिळतात. पांढऱ्या प्रकाशातून निळा वजा झाला की उरतो तो पिवळा. पॉलिकार्बोनेटची साखळीही बेन्झीनच्या कड्यांनीच विणलेली आहे. म्हणून जे वर्तमानपत्राचं होतं तेच केबिनच्या काचेचं होतं, फक्त सावकाश. ॲक्रिलिकच्या साखळीत या कड्या नाहीत. अतिनील किरण त्याला फारसे लागत नाहीत आणि चांगलं ॲक्रिलिक दहा वर्षं उन्हात राहूनही रंगाने बदलत नाही. धूसर होतं, तडकतं, पण पिवळं क्वचितच.

मग बोटीला ॲक्रिलिकच का लावत नाहीत? लाटेचा तडाखा, सुटलेल्या दोरीचा फटका, डोकं आपटणं. अशा ठिकाणी ॲक्रिलिकचे धारदार तुकडे होतात. म्हणून सुरक्षेसाठी पॉलिकार्बोनेट घेतात आणि पिवळेपणा सोसतात. समुद्रावर तो लवकर येतो याचं एक कारण म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार समुद्राचा फेस अतिनील किरणांपैकी साधारण २५ टक्के परत फेकतो आणि कोरडी वाळू १५ टक्के. बोट पाण्यात असो वा किनाऱ्यावर ओढलेली असो, काचेची सुटका नाही.

या सगळ्यात एक दिलासा आहे. पॉलिकार्बोनेटचा पिवळा थर फार पातळ असतो, साधारण डोक्याच्या केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही कमी. वरचा खराब झालेला थरच अतिनील किरण शोषून घेतो आणि खालच्या मालाला सावली देतो. म्हणजे तीन-चार मिलिमीटरच्या काचेत वरची साल तेवढी गेलेली असते, बाकी सगळं शाबूत असतं. साल काढायची, एवढंच काम. व्हायनिलच्या पडद्याचं तसं नाही. त्यातून क्लोरीन आम्लाच्या रूपाने सुटत जातं, मऊपणा देणारं तेल उडून जातं आणि पडदा आरपार पिवळा व कडक होतो. त्यावर कागद मारत बसू नका. कापून काढा, नवा शिवून घ्या.

ज्याला हात लावायचा नाही

दिव्यांची झाकणं पिवळी पडली की पहिला विचार येतो की तीही घासून काढू. नका. समुद्रावर दिव्याचा रंग ही भाषा आहे. १९७२च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांप्रमाणे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. ट्रॉल, म्हणजे मागे ओढायचं जाळं, ओढणाऱ्या बोटीने हिरव्याखाली पांढरा दाखवायचा. इतर जाळी लावलेल्या बोटीने लालखाली पांढरा. याच नियमांत मागचा पिवळा दिवा म्हणजे 'मी काहीतरी ओढून नेतोय' आणि आळीपाळीने लुकलुकणारे दोन पिवळे दिवे म्हणजे पर्ससीनचं, मासळीला गोल घेरणारं जाळं. तेव्हा तुमचा मागचा पांढरा दिवा झाकणामुळे पिवळट दिसत असेल, तर अंधारात लांबचं जहाज भलताच अर्थ काढू शकतं.

दुसरं असं की या झाकणांवर बारीक आडव्या धारा असतात. प्रकाश वर-खाली वाया न जाता क्षितिजाकडे सपाट जावा म्हणून त्या ठेवलेल्या असतात. कागद मारला की त्या बोथट होतात आणि दिवा पेटलेला असूनही लांबून दिसत नाही. बारा मीटरहून मोठ्या बोटीचे बाजूचे दिवे किमान दोन सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत असा नियम आहे.

जुना बल्ब काढून एलईडी लावलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी निळा प्रकाश असतो. त्यावरचा लेप त्याला पांढरा करतो. पिवळं झाकण नेमका निळाच गिळतं. जुन्या तारेच्या बल्बात निळा मुळातच कमी, म्हणून त्याचं नुकसानही कमी. 'एलईडी लावला तरी उजेड पडत नाही' यामागे कधीकधी एवढंच असतं. दिव्याचं झाकण नवं आणा, सुटं मिळत नसेल तर पूर्ण दिवाच बदला.

होकायंत्राचा घुमट आणि मासे शोधायच्या यंत्राचा पडदा यांनाही हात लावू नका. एकात तेल भरलेलं असतं, दुसऱ्यावर चकाकी कमी करणारा नाजूक लेप असतो.

साल काढण्याचं काम

आता उरली केबिनची काच. पहिला नियम: थिनर नाही, पेट्रोल नाही, ॲसिटोन नाही, आणि घरातल्या आरशाचा अमोनियावाला निळा फवाराही नाही. हे मी अनुभवाने शिकलो. पूर्वी एकदा रंगाचे थेंब काढायला मी मामाच्याच बोटीवरच्या एका ॲक्रिलिकच्या झडपेवर थिनरचं बोट फिरवलं होतं. तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. प्लास्टिकच्या साखळ्या म्हणजे ताणून ठेवलेल्या जाळ्याचा गुंता समजा. थिनर दोऱ्यांमध्ये शिरून गाठी ढिल्या करतो. जिथे स्क्रू आवळल्याने आधीच ताण आहे, तिथले दोरे मग सुटतात. मामा काही बोलला नाही. फक्त थिनरचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

काच चौकटीतून काढता आली तर काढाच. सपाट टेबलावर काम निम्मं होतं. लागतो तो काळा वॉटरपेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिशपेपर. पिवळेपणा दाट असेल तर ६०० नंबरपासून सुरुवात करा, हलका असेल तर १०००पासून. मग १५००, २००० आणि जमलं तर ३०००. नंबर म्हणजे कणांची बारीकी: ६००चा कण साधारण २६ मायक्रॉनचा, २०००चा सुमारे दहाचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कागद रबराच्या किंवा लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर खळगे पडतात आणि काचेतून बघताना समुद्र हलतोय असं वाटतं.

पहिला नंबर आडवा, पुढचा उभा, त्यापुढचा पुन्हा आडवा. दिशा बदलण्यामागे सोपं कारण आहे: आधीच्या कागदाचे ओरखडे उठून दिसतात आणि ते पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही हे कळतं. पाणी सतत हवं. थोडा साबण टाकला तर कागद सरकतो छान. सुरुवातीला कागदाखालून पिवळसर गढूळ पाणी निघतं. तीच साल. ते पांढरं झालं की खालचा चांगला माल लागला. ते पाणी खाडीत सोडू नका, फडक्याने टिपून घ्या. ते शेवटी प्लास्टिकचंच पीठ आहे.

या टप्प्यावर घाबरायला होतं, हे सांगून ठेवतो. काच पिवळी राहिलेली नसते, पण दुधासारखी पांढरी झालेली असते. घरचे येऊन 'वाट लावलीस' म्हणून जातात. दृश्य प्रकाशाची लांबी मायक्रॉनच्या अर्ध्याच्या आसपास आहे. ओरखडे त्याहून मोठे आहेत तोवर प्रकाश फुटणार आणि पांढरं दिसणार. कागदांनी ओरखडे लहान होत जातात आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड ते प्रकाशाला जाणवणार नाहीत इतके बारीक करतं. गाड्यांच्या रंगासाठी मिळतं तेच कंपाउंड, स्पंजाच्या चकतीवर. मशीन लावलं तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. ॲक्रिलिक सुमारे १०५ अंशांना मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट १४७ला. फिरती चकती एका जागी ठेवली तर तिथे तेवढी उष्णता सहज होते आणि डाग वितळून बसतो.

टूथपेस्टचं विचाराल तर ती एक सौम्य कंपाउंडच आहे. हलक्या धूसरपणाला चालते; पिवळ्या सालीला पुरत नाही. आणखी एक प्रकार बाजारात फिरतोय: छोट्या किटलीत औषध उकळून त्याची वाफ प्लास्टिकवर सोडायची. दोन मिनिटांत लख्ख दिसतं खरं. ती क्लोरोफॉर्मच्या जातीच्या द्रावकाची वाफ असते, पृष्ठभाग वितळवून गुळगुळीत करते. फुप्फुसाला वाईट, आणि चिरांचं बी पेरून जाते. बंद केबिनमध्ये तर विचारही नको.

खरं काम इथून पुढे

बहुतेक लोक काच लख्ख झाली की थांबतात, आणि पुढच्या मोसमात ती आधीपेक्षा वेगाने पिवळी होते. याचं कारण आपणच आहोत. चांगल्या पॉलिकार्बोनेटवर कारखान्यात अतिनील किरण गिळणारा पातळ थर दिलेला असतो. तो झिजला म्हणूनच पिवळेपणा सुरू झाला आणि उरलासुरला आपण कागदाने काढून टाकला. आता काच उघडी पडली आहे. (ॲक्रिलिकला ही काळजी नाही; त्याला पॉलिश झालं की काम संपलं.)

मेण लावलं तर काही आठवडे टिकतं. खाऱ्या वाऱ्यात त्याहूनही कमी. टिकाऊ उपाय म्हणजे अतिनील संरक्षण असलेला पारदर्शक लेप. गाडीच्या हेडलाइटसाठी पुसून लावायचे लेप मिळतात, आणि रंगकाम करणाऱ्यांकडे दोन भाग मिसळून मारायचा टू-के क्लिअर असतो. कुठलाही लेप आधी कोपऱ्यात लावून एक रात्र थांबा. चिरा दिसल्या तर त्यातला द्रावक तुमच्या प्लास्टिकला चालत नाही. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये, म्हणजे लेप घट्ट करणाऱ्या भागात, आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. नाकाला रुमाल बांधून ते अडत नाही. योग्य मास्क नसेल तर ते काम रंगवाल्यालाच द्या.

आणि इथे आपल्याकडची खरी पंचाईत आहे. बोट मोकळी असते कधी? जून-जुलैत, मासेमारी बंदीच्या काळात. शाकारून, म्हणजे पावसापासून झाकून, किनाऱ्यावर ठेवलेली. डागडुजी, रंग, इंजिन सगळं तेव्हाच. पण टू-के लेपाला सगळ्यात वाईट हवा तीच. हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीही जुळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि लेपात बारीक बुडबुडे किंवा दुधाळ झाक राहते. उपाय साधा आहे: बोट शाकारायच्या आधी, मे महिन्यातच काचा काढून घरी न्या. कागद मारणं पावसात ओटीवर बसून निवांत होतं. लेप मात्र, कागद मेमध्येच मारून झाला तर त्याच महिन्यातल्या कोरड्या दिवशी द्या, नाहीतर पावसात बंद खोलीत हवा कोरडी ठेवून.

बसवतानाही दोन गोष्टी पाळायच्या. एक मीटर लांबीची काच तीस अंशांच्या फरकाने साधारण दोन मिलिमीटर वाढते. म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी हवीत, खाली रबरी वॉशर हवा, आणि स्क्रू हाताला लागेल तेवढाच आवळायचा. फटी बुजवायचं सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते पॉलिकार्बोनेटला चालत नाही. 'न्यूट्रल' लिहिलेलं मागा.

मामाच्या उजव्या काचेचं कोडं सुटलं ते ती चौकटीतून काढली तेव्हा. कडेच्या रबराखाली, जिथे फडकं कधी पोचलं नव्हतं, तिथे पत्र्यावरच्या संरक्षक फिल्मची बोटभर पट्टी चिकटून राहिली होती. त्यावर इंग्रजीत छापलं होतं: ही बाजू उन्हाकडे. आणि ती पट्टी होती केबिनच्या आतल्या अंगाला. स्वस्त पत्र्याला अतिनील थर एकाच बाजूला असतो. फिल्म सोलून काच बसवणाऱ्याने एक काच बरोबर लावली होती आणि दुसरी उलटी. तीन वर्षं मामाच्या केबिनमधला स्टोव्ह उन्हापासून सुरक्षित होता आणि काच उघडी.

काच सरळ आयताकृती होती, भोकंही दोन्हीकडून जुळत होती. पिवळी साल काढली, पॉलिश केलं, आणि लेप न देता काच फिरवून बसवली. कागद मारलेली बाजू आत, तीन वर्षं न वापरलेला थर बाहेर.